रेकॉर्ड जपता, मग कव्हर रद्दीत का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या रेकॉर्डना पुन्हा चांगले दिवस आल्याचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख आवडला. सुई कोणती घ्यावी, टर्नटेबल कुठलं बघावं, तबकडी पुसावी कशी, सगळं नीट लिहिलंय. पण अख्ख्या पानात रेकॉर्डच्या कव्हरबद्दल एक ओळ नाही. सोबतच्या फोटोत काळ्या तबकड्या उघड्याच, एकीवर एक रचलेल्या. त्यांची कव्हरं कुठे गेली असतील ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. ती पुठ्ठ्याच्या ढिगात गेली.

आमचा अमळनेरात छापखाना आहे. वडिलांच्या काळी पायाने चालवायचं ट्रेडल मशीन होतं, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. आता ऑफसेट आहे आणि जुळणी संगणकावर होते. लग्नपत्रिका, बिलबुकं, सखाराम महाराजांच्या यात्रेतली पत्रकं हे आमचं रोजचं काम. छापखान्याची कातरण भंगारवाल्याकडे जाते, त्यामुळे त्याच्या गोदामात माझं जाणं-येणं असतं. तिथे बघितलंय मी. रेकॉर्ड आली की आधी तिचे दोन भाग होतात. तबकडी एकीकडे, कव्हर दुसरीकडे. तबकडीला अलीकडे गिऱ्हाईक आहे. कोणी ऐकायला नेतं, कोणी तापवून तिची वाटी करतं, कोणी मधल्या भोकात घड्याळाचं यंत्र बसवून भिंतीला टांगतं. कव्हर मात्र किलोवर जातं आणि गिरणीत त्याचा लगदा होतो.

ही कव्हरं मी जमवतो. रेकॉर्डसकट मिळालं तर उत्तम, नुसतं मिळालं तरी घेतो. मोठ्या गायकांची, गाजलेल्या सिनेमांची कव्हरं जपणारे पुष्कळ आहेत, त्यांची मला काळजी नाही. माझा जीव अडकतो तो तऱ्हेवाईक कव्हरांत. ज्यांच्यासाठी कोणी भाव करत नाही, ज्यांच्या रेकॉर्डवरची गाणीही कोणाला आठवत नाहीत, त्यांत.

एक उदाहरण देतो. माझ्याकडे हवाईयन गिटारवर वाजवलेल्या फिल्मी धुनांची एक ईपी आहे, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, सात इंची. कव्हरवर एक बाई गवतात गिटार घेऊन बसल्या आहेत. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात, बाईंनी ती छातीशी उभी धरली आहे. वाजवणारा कलाकार पुरुष आहे, बाईंचं नाव कुठेच नाही. मूळ फोटो काळा-पांढरा, रंग नंतर हाताने भरलेले. भिंग लावलं की दिसतं, लाल रंग छापणारी प्लेट केसभर डावीकडे सरकली आहे, त्यामुळे ओठांचा रंग गालावर आलाय. गवत हिरवं दिसावं म्हणून पिवळ्यावर निळा घेतलाय, पण निळी शाई एका बाजूला पोचलेली नाही. उजव्या कोपऱ्यातलं गवत पिवळंच राहिलंय. आमच्या धंद्यात अशा छपाईला गिऱ्हाईक परत पाठवतं. मला मात्र ते कव्हर हातात घेतलं की मशीनवर उभा असलेला माणूस दिसतो. शाईच्या डब्यात सुरी फिरवणारा, एक डोळा घड्याळाकडे असलेला. माल आज गेलाच पाहिजे म्हणून कोणीतरी मागे लागलेलं असणार.

व्हॅन शिपले यांची गिटार, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन, अशा वाद्यसंगीताच्या रेकॉर्डी त्या काळी भरपूर निघत. त्यात गाणारा नसे, आणि धून ज्या सिनेमाची त्या सिनेमाचा हिरो दर वेळी कव्हरवर येईच असं नाही. मग चित्रकाराला मोकळं रान. सूर्यास्त, फुलदाणी, होडी, अनोळखी बाई, समुद्रकिनाऱ्यावर ठेवलेला टेलिफोन. त्या टेलिफोनचं रेकॉर्डमधल्या एकाही धुनेशी नातं नाही, मी ऐकून पाहिलंय. तरी ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

मुळात ही चित्रं आली कुठून, तेही सांगतो, कारण गाण्यांवर लिहिणारे हा भाग बहुधा सोडून देतात. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात झालं, गायिका गौहर जान यांची गाणी त्यातलीच. त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, एका बाजूला तीनेक मिनिटं. त्यांना असायचा तो साधा तपकिरी कागदाचा पाकीट-खिसा, मध्ये गोल भोक, म्हणजे लेबल वाचता यावं. फार तर ग्रामोफोनसमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र, ती कंपनीची खूण, आणि दुकानदाराचा शिक्का. (त्या कुत्र्याचीही गंमत आहे. फ्रान्सिस बरो या चित्रकाराने तो मुळात सिलिंडरच्या फोनोग्राफसमोर बसलेला काढला होता. १८९९ मध्ये कंपनीने चित्र घेताना त्या फोनोग्राफवर त्याच्याकडून ग्रामोफोन रंगवून घेतला.) परदेशातही वेगळं नव्हतं. अनेक तबकड्यांचा संच घेतला तर वहीसारखा अल्बम मिळे, वर करडा किंवा तपकिरी पुठ्ठा आणि नाव. १९४० मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया रेकॉर्ड कंपनीतल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने वरिष्ठांना गळ घातली की मला वरचं चित्र करू द्या. पहिल्याच कामासाठी त्याने एका नाटकघराच्या मालकाला पटवून दर्शनी पाटीवरची दिव्यांची अक्षरं बदलून घेतली, संचाचं नाव लावलं आणि फोटो काढला. विक्री वाढली आणि सगळ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, आली तेव्हा तिचं पुठ्ठ्याचं पाकीटही त्यानेच बेतून दिलं. फूटभर लांब, फूटभर रुंद जागा! आयुष्यभर लग्नपत्रिकेच्या वीतभर कागदावर गणपती, दोन कुळं, मुहूर्त, भोजनाची वेळ आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' एवढं बसवणाऱ्या माणसाला विचारा त्या जागेचं मोल.

आपल्याकडच्या एलपी-ईपी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून मोठ्या संख्येने येत. पुढून चकचकीत लॅमिनेशन, मागून उघडा कागद आणि बहुतेक वेळा एकच शाई. त्या मागच्या बाजूवर मी पुढच्याइतकाच रमतो. क्रमांक 'ईसीएलपी'ने सुरू होत असेल तर मोनो, 'ईसीएसडी'ने होत असेल तर स्टिरिओ, हे शिकलो तिथूनच. गाण्यांची यादी, गीतकार-संगीतकार, कधी गायकाची ओळख करून देणारा तळमळीने लिहिलेला मजकूर. १९७५ नंतर पॉलिडोर कंपनीने 'शोले'चे नुसते संवाद रेकॉर्डवर काढले, ते आमच्याकडे गणपतीत भोंग्यावर वाजत आणि पोरांना तोंडपाठ असत.

भोंग्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, खान्देशातली कव्हरं इतर ठिकाणच्या कव्हरांहून वेगळी ओळखू येतात. पुण्या-मुंबईत रेकॉर्ड दिवाणखान्यात होती. आमच्याकडे घरी ग्रामोफोन असलेले थोडे, जास्त रेकॉर्डी होत्या त्या मंडप-लाउडस्पीकरवाल्यांच्या. निंबाच्या झाडाला भोंगा बांधायचा, खाली लाकडी पेटी, पेटीत रेकॉर्डी. लग्नात रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात नेमकी रेकॉर्ड सापडायला हवी, म्हणून या लोकांनी कव्हरांवर ऑइलपेंटने ठसठशीत आकडे घातले. थेट हिरॉइनच्या कपाळावर '४७'. कोपऱ्यात साउंड सर्व्हिसचं नाव आणि गाव. काहींनी त्याहून पुढे जाऊन कामं वाटून दिली होती: 'हळदीला', 'पंगतीला', 'वरात', 'पोरगी सासरी'. आमच्या असोद्याच्या बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार' १९६१ च्या 'मानिनी' सिनेमात आलं. ते इकडे कुठल्याही लग्नात वाजेच, आणि माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. बाहेरचे संग्राहक असलं रंगवलेलं कव्हर खराब म्हणून बाजूला टाकतात. मी ते आधी उचलतो. गाणं छापलं कलकत्त्याकडे, पण वाजलं कुठे, कशासाठी, हे त्या ऑइलपेंटशिवाय कोण सांगणार?

धरणगावकडच्या एका खेड्यात अशाच एका म्हाताऱ्या लाउडस्पीकरवाल्या आप्पांकडे गेलो होतो. धंदा डीजेने खाल्ला, पेटी गोठ्याच्या माळ्यावर. त्यांनी पेटी खाली घेतली, धूळ झटकली, आणि एकेक कव्हर काढून हातात देताना ते कोणत्या लग्नाला वाजवलं ते सांगत गेले. गाण्याचं नाव वाचायला चष्मा लागत होता, आकडा बघून मात्र लगेच ओळखत. पैसे घेईनात. म्हणाले, "लई जा भाऊ, मना घरमा आते जागा नही शे. पन ते खोका फेकजो नको." खोका म्हणजे कव्हर. मी नंतर धान्याचं पोतं पाठवलं, ते मात्र त्यांनी ठेवून घेतलं.

कोणी म्हणेल, असल्या पुठ्ठ्याला कोण विचारतं. जगात विचारतात. १९५९ मध्ये अमेरिकेत संगीताचे पहिले ग्रॅमी पुरस्कार दिले तेव्हाच उत्तम कव्हरलाही पुरस्कार होता. १९६७ मध्ये इंग्लंडच्या बीटल्स या बँडच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमवर नामवंतांच्या चेहऱ्यांची गर्दी मांडली, तीत परमहंस योगानंदांसह चार भारतीय योगी आहेत. गांधीजींचंही चित्र उभं केलं होतं, पण भारतात लोक दुखावतील म्हणून कंपनीने ते काढायला लावलं. त्याच वर्षी अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या अल्बमवर आपल्या कॅलेंडरवर असतो तसा विष्णूचा विश्वरूप छापून त्यात तिघा वादकांचे चेहरे बसवले. हेंड्रिक्सला स्वतःला ते फारसं पटलं नव्हतं. भारतीय माणूस हवा होता तर माझ्या रक्तातला अमेरिकन इंडियन घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. धार्मिक भावनेचा प्रश्न त्यात आहेच, मलाही देवाच्या जागी वादकाचा चेहरा रुचत नाही. पण एक छापखानेवाला म्हणून सांगतो, ज्या बाजारू छपाईला आपण किंमत देत नाही, तिच्यातला रंग लंडनच्या चित्रकारांना खुणावला होता. आणि रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडच्या १९७१ च्या एका अल्बमला तर पँटच्या फोटोवर खरीखुरी झिप बसवली होती. गठ्ठे रचले की झिप लगतच्या तबकडीत रुतायची, गाणं बिघडायचं. शेवटी पाठवण्याआधी झिप अर्ध्यापर्यंत खाली ओढून ठेवायची असं ठरलं, म्हणजे दाब मधल्या लेबलवर पडेल. हा उपाय ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार. असले प्रश्न छापखान्यात रोज येतात आणि असेच सुटतात.

नाव नसलेली रेकॉर्ड कशाला जपायची, याचंही उत्तर आपल्याच देशात आहे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एलपी काढली. तेव्हा कोणी फिरकलं नाही. २०१० मध्ये परदेशातल्या एका छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा जग थक्क झालं, कारण पुढे शिकागोत ज्याला ॲसिड हाउस म्हणू लागले ते संगीत या माणसाने त्याआधीच वाजवून ठेवलं होतं. म्हातारपणी त्यांना परदेशात कार्यक्रमांना बोलावलं गेलं. कुठल्या तरी दुकानात त्या रेकॉर्डची प्रत कव्हरासकट पडून राहिली होती, म्हणून हे घडलं. ती पुठ्ठ्यात आणि वाटीत गेली असती तर?

सगळ्यात जास्त दुःख होतं ते चित्रकारांचं. गायक, वादक, गीतकार, कधी कधी साथीदार, सगळ्यांची नावं छापली. कव्हर ज्याने काढलं त्याचं नाव आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नाही. ती हातची देवनागरी बघा. शिरोरेषेला दिलेला हेलकावा, लावणीच्या ईपीवर वेलांटीचा केलेला घुंगरू, भक्तिगीतांवर रफाराची झालेली पताका. आज मी संगणकावर पन्नास फाँट उघडून बसतो, त्यातला एकही तिथवर पोचत नाही. ही अक्षरं काढणाऱ्यांतले कितीतरी जण साइनबोर्ड आणि सिनेमाची पोस्टरं करणारे असावेत, असं हाताच्या वळणावरून मला वाटतं. त्यांचं दुसरं काम पावसात धुऊन गेलं. एवढंच उरलंय.

खान्देशाला जपणुकीची परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. चाळीसगावला स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं कलादालन आहे. १९८९ मध्ये ते गेले, पण त्यांचे फोटो आणि त्यांनी गोळा केलेल्या वस्तू आजही बघायला मिळतात, शाळांच्या सहली तिथे जायला हव्यात. एका माणसाने एका बंगल्यात बसून एवढं करून ठेवलं. मग आपल्या गावोगावच्या वाचनालयांनी एक कपाट, एक भिंत या कव्हरांसाठी का देऊ नये? मी माझी कव्हरं प्रदर्शनाला द्यायला तयार आहे. लावून द्यायलाही येईन. मुलांना भिंगातून रंगांचे ठिपके दाखवीन. चार रंगांत सगळं जग कसं छापतात ते पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळेल.

आता दिवाळीची साफसफाई सुरू होईल, माळे उतरतील, म्हणून दोन कामाच्या गोष्टी. रेकॉर्डी आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की तबकडीचा गोल वळ कव्हरावर उमटतो आणि त्यावरची शाई झिजते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याखालच्या माळ्यावर तबकडी वाकडी होते आणि कव्हराच्या कडांचा गोंद सुटतो, तेव्हा त्या खालच्या खोलीत आतल्या भिंतीला असाव्यात. सुटलेल्या कडेला सेलोटेप मुळीच नको, ती पिवळी पडते आणि निघताना चित्र घेऊन निघते. बाइंडर वापरतात तशी खळ करा, चिमूटभर मोरचूद घाला, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, मुलांपासून लांब ठेवा. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. आणि विकायचंच असेल तर तबकडी आणि कव्हर एकत्र विका, घेणाऱ्याला तसं बजावून सांगा. भंगारवाल्यांनाही विनंती आहे: पुठ्ठ्याच्या भावापेक्षा जास्त देणारे आम्ही आहोत, आधी आम्हाला दाखवा.

एक विचारणाही आहे, ती आपण छापावी. माझ्याकडे भक्तिगीतांची एक मराठी ईपी आहे, कव्हर चितारलेलं. पंढरीच्या वाटेवरची दिंडी, सगळे वारकरी पाठमोरे, शेवटच्या बाईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन आणि तिच्या मागे चालणारं एक कुत्रं तेवढं वळून आपल्याकडे बघतंय. जांभळा, शेंदरी आणि काळा अशा तीनच शाया वापरल्यात, चौथी कागदाची पांढरी. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'व. ग.' अशी सही आहे, 'ग'च्या दांडीला खाली गाठ मारलेली. हीच गाठ मला नंतर एका लावणीच्या कव्हरावर आणि एका जुन्या बियाण्याच्या पाकिटावरही सापडली. या सहीचे चित्रकार कोण, कुठले, हे वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल, किंवा अशी सही असलेलं आणखी काही कोणाच्या घरी असेल, तर कृपया संपादकांच्या पत्त्यावर कळवावं. चित्राचा फोटो पत्रासोबत जोडला आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक छापखानेवाला, अमळनेर (जि. जळगाव)